चॉकलेटी बेसिन

चौथ्या रविवारीही आईने बेसिनला नाक मुरडलं आणि मी भर दुकानात पाय आपटला. सव्वीस वर्षांची बाई होते मी. फोर्टातल्या एका ऑफिसात कायम नोकरीला होते. आणि घाटकोपरला आग्रा रोडवरच्या एका दुकानात, ओळीने मांडलेल्या कमोडांच्या मधोमध उभी राहून, हट्टी पोरीसारखा पाय आपटत होते. बाबा लगेच दुसरीकडे बघायला लागले. एका नळाची तोटी उघडझाप करून बघण्यात त्यांना एकाएकी फारच रस वाटू लागला.

"ह्या नको," आई म्हणाली.

"का पण?"

"पांढरा आसा."

"अगं, बेसिन पांढरंच असतं!"

"पांढऱ्यार डाग दिसतत."

दुकानदार कच्छी होता, गोड बोलणारा. "बेन, मग पिंक घ्या ना. आजकाल सगळे पिंकच नेतात." आईने पदराच्या टोकाने उजव्या हाताची तर्जनी पुसली, गुलाबी बेसिनच्या आत हात घातला आणि तळाशी, जाळीच्या भोवती बोट गोल गोल घासून बघितलं. गेल्या चार रविवारी, सात-आठ दुकानांत, प्रत्येक बेसिनची तिने अशीच परीक्षा घेतली होती. मग मान हलवली. गुलाबी नको. आकाशी नको. पिस्त्याच्या रंगाचं तर तिने बोट लावण्याच्याही लायकीचं मानलं नाही.

मला मुळातच धीर नाही. दूध तापायला ठेवलं की मला त्याच्यापुढे उभं राहवत नाही, म्हणून आमच्याकडे दूध हमखास माझ्याच हातून उतू जायचं. चाळीत सकाळी संडासच्या रांगेत मी एका पायावरून दुसऱ्या पायावर करत असायचे, आणि पुढच्या काकू वैतागून म्हणायच्या, "तूच जा बाई आधी, तुझं बघून मला चक्कर येते." अशा माणसाने चार रविवार बेसिनं बघण्यात घालवले, म्हणजे त्याचं डोकं किती फिरलं असेल याची कल्पना करावी.

तेव्हा आम्ही भांडुपला चाळीत राहायचो. बाबा आधी गिरणीत होते, मग भांडुपच्याच एका कारखान्यात गेले आणि तिथून रिटायर झाले. त्यांचे आलेले पैसे आणि माझ्या ऑफिसचं कर्ज मिळून आम्ही मुलुंडला एक वन रूम किचन बुक केलं होतं. तिसरा मजला, स्वतःचा संडास, स्वतःची बाथरूम. बिल्डर बाथरूमच्या बाहेर पॅसेजमध्ये एक पांढरं, कोपऱ्यात बसणारं, वाडग्याएवढं बेसिन देणार होता. मला ते नको होतं. ऑफिसातली माझी एक मैत्रीण पार्ल्याला राहायची. तिच्याकडे मी एकदा जेवायला गेले होते, आणि हात धुवायला म्हणून आत गेले ती दहा मिनिटं बाहेरच आले नाही. तिच्याकडे रुंद, पांढरंशुभ्र बेसिन होतं, त्याच्याखाली दोन दारांचं कपाट होतं आणि वर छातीपासून डोक्यापर्यंत दिसेल असा आरसा. चाळीत आमचा आरसा खिडकीच्या गजाला लटकवलेला असायचा, त्यात एका वेळी एक डोळा दिसायचा. त्या दिवशी मी ठरवलं की घर एवढंसं असलं तरी चालेल, पण आपल्याकडे असं कपाटवालं बेसिन असणार.

आणि त्या पांढऱ्याशुभ्र बेसिनवर मशेरीचा एक थेंब पडणार नाही, हेही तेव्हाच ठरवलं.

आई मशेरी लावायची. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, हाताने चुरायची, डबीत भरून ठेवायची आणि सकाळ-दुपार बोटाने दातांना लावत बसायची. भाजायच्या दिवशी अख्ख्या चाळीला ठसका लागायचा. कोणी तक्रार करत नसे, कारण प्रत्येक दारामागे एक तवा होता. आई मोरीच्या कट्ट्याला पाठ लावून उकिडवी बसायची, डोळे अर्धे मिटलेले, तोंड मशेरीने भरलेलं. त्या वेळी तिला काही विचारलं की उत्तर एकच.

"हूं."

लहानपणी मला त्या 'हूं'चा फार राग यायचा. वही सापडत नाहीये, आई. हूं. वेणी घालून दे, आई. हूं. बाबा मात्र म्हणायचे, "तिका बसूंदे गो वायच." वायच म्हणजे थोडा वेळ. मला वाटायचं, बाबा तिची बाजू घेतात. अर्धा तास ती तिथून हलायची नाही, मग चूळ भरायची, काळं पाणी मोरीतून वाहून जायचं आणि आई पुन्हा कामाला लागायची.

ती पार्ल्याची मैत्रीण एकदा न सांगता आमच्याकडे आली. चार वाजता दारात उभी. आई मशेरी लावून बसलेली. पाहुण्या पोरीला 'ये' म्हणावं तर तोंड भरलेलं, आणि उठून थुंकावं तर तिच्या डोळ्यांदेखत मोरीत थुंकायला लागणार. आईने हाताने खाटेकडे खूण केली आणि म्हणाली, "हूं, हूं." हनुवटीवर एक काळा ओघळ आला, तो तिने पदराने पुसला. मैत्रीण बिचारी चांगल्या मनाची होती, काहीच झालं नाही असं दाखवत बसली. पण मी लाजेने मेले. ती गेल्यावर मी आईला इतकं बोलले की शेजारच्या काकूंनी रेडिओचा आवाज वाढवला, माझं बोलणं खाली ऐकू जाऊ नये म्हणून.

नव्या घराचं बुकिंग झालं त्या दिवशी मी पेढा आईच्या हातात दिला आणि तिच्याकडून वचन घेतलं. "त्या घरात मशेरी नाही. भाजायची नाही, लावायची नाही, डबीसुद्धा आणायची नाही. तोंडाने म्हण."

"सोडतलंय," आई म्हणाली. वाद नाही, घासाघीस नाही. पंचवीस-तीस वर्षांची सवय एका पेढ्यावर सोडून मोकळी झाली. मला केवढा आनंद झाला. एवढ्या पटकन हो म्हणणाऱ्या माणसाबद्दल जरा शंका यायला हवी होती, पण मला पटकन झालेली कुठलीही गोष्ट आवडते.

तर असे ते रविवार चालले होते. आई एकीकडे प्रत्येक बेसिनला नकार देत होती आणि दुसरीकडे साईटवरचा मुकादम मला दमात घेत होता. तो म्हणत होता, टाइल्स लावायला घेतोय, बेसिन कुठे, किती रुंद, पाइप कुठून काढायचा ते सांगा, नाहीतर बिल्डरचं पांढरं बेसिन पॅसेजमध्ये ठोकून मोकळा होतो. "मॅडम, शुक्रवारपर्यंत. पुढे माझ्या हातात नाही हां." मी ऑफिसात फायलींच्या पाठीवर बाथरूमची चित्रं काढायला लागले. झोपेत मला आकडे दिसायचे, बावीस इंच, अठरा इंच, सव्वा इंची पाइप. आई मात्र निवांत होती. तांदूळ निवडावेत तशी बेसिनं निवडत होती.

बरं, सगळ्यालाच तिचा विरोध होता असंही नाही. कपाट हवं म्हटल्यावर ती लगेच म्हणाली, "व्हया, व्हया. दोन दारांचा व्हया." त्या एका गोष्टीवर आमचं असं एकमत झालं की बाबाही चकित झाले. मग बेसिन पॅसेजमध्ये की बाथरूममध्ये हा प्रश्न निघाला. बिल्डिंगमधले सगळे पॅसेजमध्येच घेत होते, म्हणजे आल्यागेल्याला हात धुवायला सोयीचं. आई ठामपणे म्हणाली, "भितर व्हया. भायर नको."

"पाहुणे काय बाथरूममध्ये जाऊन हात धुणार?"

"जातले. त्येंका काय पाय नाय?" आणि मग, जरा थांबून, "दाराक आतसून कडी आसतली मां?"

"बाथरूमला कडी असतेच, आई."

"बरी घट्ट बसय म्हणान सांग त्या मुकादमाक."

वाचणाऱ्यांना इथवर सगळं लख्ख कळलं असणार. मला नाही कळलं. मी त्या वेळी आरशाच्या विचारात होते.

पाय आपटला त्या रविवारी आम्ही दुकानातून बाहेर पडलो आणि मी रस्त्यातच सुटले. ट्रक जात होते, धूळ उडत होती, आणि मी आईच्या पुढे चार पावलं चालत मागे वळून वळून बोलत होते. मी म्हटलं, तू मुद्दाम करतेस. तुला मुळात नवीन घरच नकोय. आणि मग ते वाक्य निघालं, जे आजही आठवलं की मला बसल्या जागी कसंतरी होतं. मी म्हटलं, "तुला काय कळतंय बेसिनमधलं? सगळं आयुष्य मोरीत गेलं तुझं!"

आई थांबली. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता कारखान्यातला आवाज काढतील, पण ते रस्ता ओलांडून गेले आणि तीन लिंबू सोडा घेऊन आले. आम्ही तिघं फुटपाथवर उभं राहून सोडा प्यायलो. आईने ग्लास परत देताना सोडावाल्याला म्हटलं, बरो आसा. एवढंच. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि भांडुप येईपर्यंत बाहेर बघत राहिली. मला माफी मागायची होती. पण बेसिन ठरलेलं नव्हतं, शुक्रवार तोंडावर होता, आणि माझ्या डोक्यात माफीला जागाच नव्हती.

बुधवारी संध्याकाळी ऑफिसातून घरी आले तर दोघंही बाहेरचे कपडे घालून बसलेले. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

"बेसिन ठरला," ती म्हणाली. "आमी बघून इलंव."

मी पर्स खांद्यावरून काढायचीही विसरले. आई आयुष्यात कधी एकटीने, म्हणजे माझ्याशिवाय, असल्या दुकानात गेली नव्हती. साबणाची वडीसुद्धा ती नेहमीच्या वाण्याकडूनच आणायची. आणि ती दुपारी बाबांना घेऊन पुन्हा घाटकोपरला गेली होती. त्याच कच्छ्याकडे. त्याने मागच्या गोडाऊनमधून एक पीस काढून दाखवला होता, कोणी पार्टीने ऑर्डर देऊन मग घेतलाच नाही असा. रुंदी बरोबर बावीस इंच. कपाटावर बसणारा.

"कुठला रंग?"

आई बाबांकडे बघायला लागली. बाबांनी घसा साफ केला.

"चॉकलेटी."

"चॉकलेटी?"

"गडद," बाबा म्हणाले. "रंग बरो आसा पण. तुझ्या आवशीन बोट फिरवून बघितल्यान."

मी चार रविवारांचं सगळं बोलून घेतलं. चॉकलेटी बेसिन जगात कोणाकडे असतं का? बाथरूम आहे की हॉटेलातला फॅमिली रूम? माझ्या डोळ्यांपुढे पार्ल्याचं ते पांढरंशुभ्र बेसिन होतं आणि त्याच्या जागी हे काहीतरी काळंकुट्ट येणार होतं. आई ऐकत राहिली. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाली, "त्यार डाग दिसूचे नाय." मग उठून कुकर लावायला गेली. रविवारच्या त्या वाक्यानंतर तिला आणखी बोलायचं माझं तोंड राहिलं नव्हतं, खरं तर तेवढ्यासाठीच मी गप्प बसले. शुक्रवारी मुकादमाला माप दिलं.

बेसिन बसलं, सुताराने खाली प्लायवूडचं कपाट केलं, त्याला क्रीम रंगाचं सनमायका लावलं. कपाटाच्या आत, बेसिनखालचा वाकडा पाइप जिथे भिंतीत जातो, तिथे हात जाईल न जाईल अशी एक फट राहिली. सुतार म्हणाला फळी मारून बंद करतो. आई म्हणाली, "ऱ्हवूंदे. पाइप गळलो तर हात खयसून घालतलस?" मला तिच्या व्यवहारज्ञानाचं कौतुक वाटलं.

वर आरसा लागला तेव्हा आम्ही तिघं त्या एवढ्याशा बाथरूममध्ये दाटीवाटीने उभे राहिलो. आईने इतक्या जवळून, एवढ्या उजेडात स्वतःला पहिल्यांदाच बघितलं. हसली, आणि हसताना आरशात तिला तिचे दात दिसले. तिने पटकन पदर तोंडाला लावला. त्यानंतर आई त्या आरशापुढे कधी दात दाखवून हसली नाही, ओठ मिटूनच हसायची. मला तेव्हा वाटलं, बरं झालं, आता सोडलेली मशेरी सोडलेलीच राहील.

आम्ही राहायला आलो आणि महिन्याभरात त्या चॉकलेटी रंगाने माझा सूड घ्यायला सुरुवात केली. गडद बेसिनवर डाग दिसत नाहीत हे अर्धंच खरं आहे. साबणाचा पांढरा थर दिसतो. टूथपेस्टचा फेस वाळला की शिंपडलेल्या चुन्यासारखा दिसतो. पाण्याचा थेंब वाळला तरी त्याची कडा दिसते. म्हणजे त्या घरात डाग पडत होते ते सगळे माझे. मी पेस्ट वापरायचे, फेसवॉश म्हणून अत्तराचा साबण वापरायचे, पावडर लावायचे, आणि रोज रात्री जेवणाआधी घासणी घेऊन माझेच डाग घासायचे. घासताना आईला ऐकू जाईल असं बडबडायचे. ती म्हणायची, "पांढरा घेतलेला बरा होता काय?" आणि गंभीर चेहऱ्याने भाजी चिरत राहायची.

आईसाठी मी नवा ब्रश आणला होता, हिरव्या दांड्याचा. तो पेल्यात उभा असायचा, कायम नव्यासारखा. मी एकदा विचारलं तर म्हणाली, दंतमंजन लावते, ब्रशाने हिरड्या दुखतात. मी मान डोलावली. वचन पाळलं होतं ना तिने, मग ब्रश वापरो की न वापरो. महिन्यातून एकदा ती भांडुपला जुन्या शेजारणींकडे जायची, भिशीच्या निमित्ताने, आणि येताना कधी सुके बोंबील आणायची, कधी कुळथाचं पीठ. पिशवी स्वतःच रिकामी करायची.

सकाळी मात्र आमचं रोज भांडण. सात वाजले की मला आंघोळ, केस, डबा, बस, सगळं एकदम दिसायला लागायचं, आणि नेमकी त्याच वेळी आई बाथरूममध्ये. कडी लावलेली. मी दारावर थापा मारायचे. "आई, आटप! आई, बस चुकेल माझी!"

आतून आवाज यायचा, "हूं."

"आटप ना गं!"

"हूं."

तीन वर्षं. रोज. सुट्ट्या आणि आजारपणं सोडली तर तीन वर्षं मी त्या दाराबाहेर एका पायावरून दुसऱ्या पायावर करत उभी राहिले आणि तेच 'हूं' ऐकत राहिले, जे मी लहानपणापासून ऐकत होते. आणि मला कळलं नाही. मी घाईत होते, एवढंच कारण.

मग एका शनिवारी दुपारी कपाटाच्या तळाला पाणी दिसलं. प्लायवूड फुगलं होतं. पाइपच्या सांध्यातून थेंब गळत होता. आई-बाबा देवळात गेले होते. शहाण्या माणसाने प्लंबरला निरोप दिला असता आणि वाट बघितली असती. मी गुडघे टेकून बसले, बॅटरी दातात धरली आणि त्या फटीतून पाइपच्या मागे हात घातला.

हाताला डबी लागली. ओढून काढली. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून रबराने बांधलेली कोल्ड क्रीमची डबी. माझीच. मी संपवून केरात टाकलेली, झाकणावरचं फूल अर्धं पुसलेलं. तेवढ्यात आठवलं, मी डबी टाकली की आई केरातून काढून धुऊन ठेवायची आणि मी म्हणायचे, "कशाला साठवतेस गं भंगार?" झाकण उघडलं आणि ठसका लागला. चाळीतल्या भाजणीच्या दिवसाचा तोच ठसका.

आधी भयंकर राग आला. खोटं का सांगायचं? तीन वर्षं मला फसवलं म्हणून कानशिलं तापली. तशीच ओल्या फरशीवर बसून मी मनात भांडण रचायला लागले. आल्या आल्या काय विचारायचं, डबी कशी समोर धरायची. आणि रचता रचता एकेक गोष्ट जागेवर येऊन बसायला लागली. बोटाने घासून बघणं. ते बोट कुठलं होतं, तर मशेरी लावायचं बोट. कपाट व्हया, व्हया. भितर व्हया. कडी घट्ट बसय. फळी नको. दर महिन्याची भिशी. ठेवणीतलं लुगडं नेसून दुपारच्या उन्हात एवढ्या लांब जाणं. माझी आई, जी माझ्याशिवाय वाण्यापलीकडे कुठल्या दुकानात गेली नव्हती, ती मी मोरीवरून बोलल्यावर तिसऱ्या दिवशी जाऊन, बोट लावून, अख्ख्या घाटकोपरमधलं एकमेव चॉकलेटी बेसिन शोधून आली होती. आणि मी तिला विचारलं होतं, तुला काय कळतंय बेसिनमधलं.

पण खरं म्हणजे मी अडकले ती त्या 'हूं'वर. तोंडात मशेरी असली की बाईला बोलता येत नाही. आणि बोलता येत नाही म्हटल्यावर तिला कोणी काही सांगत नाही, कोणी काही मागत नाही. मला आठवेना की आई दिवसभरात आणखी कधी टेकलेली असायची. जेवायला सगळ्यांच्या शेवटी, तेही एक पाय उठायच्या तयारीत. मी मशेरी सोडायला लावली तेव्हा मला वाटलं मी तिची एक वाईट सवय काढतेय. मी तिचा अर्धा तास मागून घेत होते. तिने हो म्हटलं, मला नवं घर दिलं, आणि कडी लावून त्यातली दहा-पंधरा मिनिटं स्वतःसाठी वाचवली. त्यावरही मी रोज थापा मारत होते.

फार रडले मी. बॅटरी तशीच चालू राहिली होती, तिचे सेल संपले.

संध्याकाळी बाबा पॅसेजमध्ये भेटले. मी हळूच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" बाबांनी काय ते विचारलं नाही. आत स्वयंपाकघराकडे बघून घेतलं आणि म्हणाले, "तिका बसूंदे गो वायच."

रविवारी प्लंबर येऊन सांधा नीट करून गेला. तो येण्याआधी आईची घालमेल मी बघत होते. तिने दोनदा आत जाऊन कपाट आवरलं, काहीतरी शोधलं, बाहेर आली, पुन्हा गेली. डबी माझ्या पर्समध्ये होती. प्लंबर गेल्यावर मी ती आरशाखालच्या फळीवर ठेवली, उघड्यावर, माझ्या क्रीमच्या आणि पावडरच्या शेजारी. मला माझा मोठेपणा फार आवडला. आता आईला लपायला नको, असं मनात म्हटलं. तोंडाने मात्र काही बोलले नाही.

सोमवारी सात वाजता कडी लागली. मी दारापाशी गेले आणि हात उचलला नाही. उभी राहिले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. बस गेली असणार. आत नळ सुरू झाला, बराच वेळ पाणी वाहिलं, मग कडी निघाली. आई पदराने तोंड पुसत बाहेर आली, आणि मला दारात गप्प उभी बघून दचकली.

"काय झाला? बरा नाय तुका?"

"बरी आहे."

"मगे आज ओरडलंस नाय ता?" तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. तिच्या चेहऱ्यावर इतकी भीती होती, चोरी पकडल्यासारखी, की मला तिच्याकडे बघवेना. मी आत गेले आणि दार लावलं.

बेसिन स्वच्छ धुतलेलं होतं. काळ्याचा मागमूस नाही. फळीवर माझं क्रीम होतं, माझी पावडर होती, आणि मध्ये डबीच्या मापाची मोकळी जागा. मी गुडघे टेकले, कपाट उघडलं, पाइपच्या मागे हात घातला. डबी तिथे होती. पिशवीत गुंडाळून, रबर दोन वेढे घालून.

तिला माझी परवानगी नको होती. मुलीला दिलेलं वचन मुलीच्या डोळ्यांदेखत तिला मोडायचं नव्हतं. मी डबी होती तशी परत सरकवली, बोटं धुतली, आणि बेसिनच्या कडेला सुकलेला माझा पेस्टचा डाग नखाने खरवडून काढला.

मंगळवारी सात वाजता मी दारावर थाप मारली, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानेच. "आई, आटप! बस चुकेल माझी!"

आतून आवाज आला, "हूं."